घंगाळातला ळ

तांबट आळी आधी ऐकू येते, मग दिसते.
सुनंद तांबटांनी दुकानाचं नाव बदललंय : घंगाळ.
जुनं आजोबांच्या नावाचं होतं, पाटीवर मावत नव्हतं.
‘लोगो असा काढा,’ म्हणाले,
‘की पुण्याच्या मॉलात शोभेल
आणि आमच्या तात्यांना चष्म्याशिवाय वाचता येईल.’

घ बसला. अनुस्वार बसला.
ग आणि त्याचा काना तर शाळेतल्या हुशार मुलांसारखे
शिरोरेषेखाली ताठ उभे राहिले.
ळ बसेना.

माझ्याकडे बासष्ट देवनागरी फॉन्ट आहेत,
त्यांतल्या चाळिसांत ळ म्हणजे
आडवा पडलेला इंग्रजी आठ,
टेबलावर विसरलेला चष्मा.
काढणाऱ्याला कधी कुणी बाळ म्हणून हाक मारली नसावी,
उन्हात पळू नको म्हणून कुणी ओरडलं नसावं.
चप्पल न काढता घरात आलेला ळ.

पप्पा नोट प्रेसमधून निवृत्त झाले त्याला नऊ वर्षं झाली,
अजून बिस्किटाच्या पुड्यावर भिंग धरतात :
‘लाल अर्धा केस सरकलाय.’
त्यांना स्क्रीन दाखवली.
बराच वेळ बघून म्हणाले, ‘चूक काही नाही.’
आणि भिंग खिशात ठेवलं.
आमच्या घरात याहून वाईट शेरा नाही.

घंगाळ_फायनल_सहा सेव्ह करून
रात्री दीडला दूध तापवायला पातेलं काढलं.
काठाखाली, टिंबाटिंबांनी :
चि. सौ. कां. शैलजा हिस
काशीमावशी पिंगळे यांजकडून
११-५-८४

आईचं लग्न मी रोज घासते, वाचलं आत्ता.
पिंगळ्यांचा तो ळ :
पहिला फुगा हरभऱ्याएवढा, दुसरा द्राक्षाएवढा,
शेपूट जरा वर,
जणू कुणी बोलता बोलता उठून गेलंय.
दूध उतू गेलं. जाऊ दे.

भांडी बाजारात जिन्याखाली दगूनाना बसतात,
अजून मशीनवर नावं घालतात, अक्षराला दोन रुपये.
पातेलं नाकाशी नेलं, अंगठ्यानं चाचपलं.
‘माझा नाही. माझा ळ डावीकडे कलतो.
हा शिवरामचा. गेला तो.’
विचारलं, दुसरा फुगा मोठा का?
‘अगं, पातेलं गोल, अक्षर सरळ,
कुणीतरी ऐकायला पाहिजे ना.
भांडं तर काही ऐकत नाही.’
मग एका स्टीलच्या डब्यावर कुणाच्या तरी वास्तुशांतीची तारीख
टर्रर्र करत उमटवू लागले,
मी अजून तिथेच उभी आहे हे विसरून.

टिंबं मोजली : तेवीस.
गिरवलं नाही. गिरवलं की मरतं ते.
डाव्या हातात वाटी धरून फिरवत राहिले
आणि उजव्यानं कागदावर तेवीस ठोके.
सातव्या कागदावर हात वाकला
आणि घ, ग, काना सगळ्यांना
पुन्हा पहिल्यापासून काढावं लागलं,
कारण आता तेच परके दिसत होते.

सुनंद म्हणाले, ‘ळ जरा मोठा नाही का वाटत?’
म्हटलं, वाटतो.
म्हणाले, ‘मुलीला दाखवतो, ती कॉलेज रोडला असते.’
मुलीनं अंगठा पाठवला. बिलाचं पुढच्या महिन्यात बघू.

आतून ठोके थांबले.
तात्या बाहेर आले, बोटांवर तांब्याची लाली.
कागद घेतला, ओठ हलले :
घं, गा,
आणि जीभ टाळूकडे वळताना मला दिसली.
चांगलं म्हणाले नाहीत, वाईटही नाही.
फक्त वाचता वाचता कागद हातात फिरवत गेले
हळूहळू, डावीकडून उजवीकडे,
काठ तपासतात तसा.